शिवणीचा हेला

नागपूरला नातीकडे गेले की मला वरची खोली मिळते, आणि भिंतीच्या पलीकडे नातीचा सराव चालतो. यंदा गेले तर तिच्याकडे नवी गिटार आलेली. चार जाड तारांची, नुसते खालचे सूर काढणारी, आणि मुद्दाम मापं देऊन बनवून घेतलेली. मान एवढीच लांब का, लाकूड हेच का, तारा बोटाखाली किती वर हव्यात, हे सगळं तिनं त्या कारागिराला महिनोन्महिने फोनवर सांगितलं होतं म्हणे. तिच्या बापाला ते काही पटलं नव्हतं. "दुकानात गिटारी मिळत नाहीत का?" असं तो जेवताना म्हणाला. ती म्हणाली, "बाबा, अमेरिकेतले फंक वाजवणारे लोक असंच बनवून घेतात. ज्याच्या त्याच्या हाताची." मला ते 'फुंक' असं ऐकू आलं. मी म्हटलं, जन्म चुलीपाशी गेला माझा, मला फुंकीचं काय सांगतेस.

जेवणं झाल्यावर तिनं मला जवळ बसवून सगळ्यांत जाड तार छेडली. मांडीवरच्या ताटलीतल्या बडीशेपेचे दाणे हलले.

"आजी, कसं वाटतं?"

"पोटात वाजलं," मी म्हटलं.

"बरोब्बर!" ती इतकी खूश झाली की मला जरा लाजच वाटली. तिला वाटलं आजीला गाण्यातलं कळतं. आणि मला एकदम सरस शिजवल्याचा वास आला. जनावराच्या कातड्यापासून केलेला तो सुताराचा डिंक, मंद आचेवर ठेवला की सगळ्या घराला ओल्या गुरांचा वास मारतो. नागपूरच्या त्या फरशीच्या घरात तो कुठून यायचा? पण आला. आणि मग शिवणीच्या लाकडाच्या भुशाचा, जरा गोडसर, कोरा वास.

माझं लग्न झालं तेव्हा चंद्रपूर नव्हतं, चांदा होतं, आणि आमचा सगळा झाडीचा मुलूख त्याच जिल्ह्यात यायचा. माझं माहेर आरमोरीचं. सासर तिथून बैलबंडीनं सकाळी निघालं तर जेवणवेळेला पोचावं, अशा एका गावात. दोन्ही घरं सुतारांची. आमचे हे नांगर, बंड्या, दाराच्या चौकटी करायचे आणि दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागला की गावच्या दंडारीत ढोलकी वाजवायचे. दंडार म्हणजे आमच्याकडचं गाण्या-नाचाचं नाटक. बोलणं यांच्या स्वभावात नव्हतं. ऐकणं होतं. प्रत्येक वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि मान वाकडी करून ऐकायचं. भोपळा, दार, घागर, विहिरीचा रहाट. मला पाहायला आले तेव्हा माझ्याकडे न पाहता आमच्या ओसरीचा खांब वाजवून पाहत होते. माझा बाप म्हणाला, "पोरगा कामाचा आहे." माझी आई म्हणाली, "पोरगी पाहाले आला का खांब?"

सासरी मामाजी आणि आत्याबाई, म्हणजे माझे सासूसासरे, आणि धाकटी नणंद सुगंधा. सुगंधा माझ्याच वयाची, भल्लीच बोलकी. भाऊ जेवढं बोलायचा नाही तेवढं सगळं तिच्या वाट्याला आलेलं. धान सडताना, पाणी भरताना, मोहफुलं वेचताना तिचं तोंड चालूच. तिचं लग्न धानोऱ्याकडच्या एका घरी ठरलेलं होतं. पुढच्या वैशाखात करायचं होतं. मामाजींनी तिच्या आंदणासाठी शिवणीच्या फळ्या कोठ्यात वाळत ठेवल्या होत्या. त्यांचा पलंग होणार होता. मामाजी रोज एकदा तरी जाऊन त्या फळ्यांवरून हात फिरवून यायचे.

त्या हिवाळ्यात हे बल्लारपूरला कामाला गेले. तिथल्या कोळसा खाणीच्या साहेब लोकांचं एक क्लबघर होतं, नाताळच्या नाचासाठी त्याची लाकडी जमीन नीट करायची होती. काम संपलं तरी हे परतले नाहीत, नाच होऊन गेल्यावर परतले. आणि परतले ते वेगळेच. जेवायला बसायचे आणि घास हातात तसाच राहायचा. कुणी हाक मारली तर ओ नाही. दिवसभर डोळे कुठंतरी लागलेले. ढोलकी तर खुंटीवरून काढलीच नाही.

मग एका सकाळी मी सडा घालून परत येते तर सारवलेल्या भिंतीवर हे कोळशानं काहीतरी काढताना दिसले. वर लांब मान. मग गोल खांदे. मग बारीक कंबर. आणि कंबरेखाली हा एवढा मोठा घेर. काढायचे, मागं सरून पाहायचे, ओल्या फडक्यानं पुसून घेर आणखी वाढवायचे.

आत्याबाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा काडीसारखी होते.

"कोन व्हय हे?" त्यांनी लेकाला विचारलं.

हे म्हणाले, "बल्लारपूरची." आणि पुन्हा घेर वाढवायला लागले.

झालं. दुपारपर्यंत ती गोष्ट विहिरीवर पोचली. संध्याकाळी गावात दोन तट पडले होते. काहींचं म्हणणं ती बाई तेलंगी असावी, कारण तिकडून पुष्कळ लोक खाणीत कामाला येतात. बाकीच्यांचं म्हणणं खाणीच्या साहेबाची आया असावी, कारण खाण्यापिण्याचे हाल असणाऱ्या बाईचा असा घेर होतच नाही. मला मात्र काही सुचेना. मी गोठ्यात जाऊन रडले. सुगंधा माझ्या शेजारी बसून माझ्याहून मोठ्यानं रडली, आणि मधेच थांबून म्हणाली, "पन वयनी, तिले डोस्कं काऊन नाई काढलं भाऊनं?"

तो प्रश्न खरा होता. मी पदर खोचला आणि तशीच यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, वर मान करून मी यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"मी मायेरी चालली. पन जायच्या आंधी सांगा, हे बाई कोन आहे?"

"बाई?" यांनी भिंतीकडे पाहिलं, जसं काही तिथं बाई आहे हे त्यांना आत्ताच दिसलं. "अवं, बाई नाई. बाजा व्हय."

"बाजा?"

"मानसाएवढा. उभा ठेवून वाजवते. मांगून असा कवळ घालून." यांनी हवेला मिठी मारून दाखवली. "गोव्याकडचा एक मानूस होता. चारच तारा. बाकीचे लोकं काय वाजवून राह्यले होते मले काई समजलं नाई. पन त्यानं बोट लावलं का जमीन बोलायची. मीच बसवलेली जमीन. माह्या तळपायातून वर आला आवाज." एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. बोलून झाल्यावर त्यांना दम लागला. मग हळूच म्हणाले, "आपल्या दंडारीत तसं काईच नाई. सारं वरचं वरचंच आहे."

मी माहेरी गेले नाही. पण गावाला बाजाची गोष्ट बाईइतकी आवडली नाही. पुष्कळांनी ती मानलीच नाही.

लाकडाचा विचार यांनी केला, म्हणजे कुणालाही न विचारता केला. मामाजी पाहुणपणाला गेले होते. परत येऊन नेहमीसारखे कोठ्यात हात फिरवायला गेले तर हात हवेत फिरला. अंगणात फळ्या चिरून पातळ झालेल्या, आणि उकड्या तांदळासाठी आम्ही धान शिजवतो त्या मोठ्या हंडीच्या वाफेवर त्यातली एक वाकत पडलेली. मामाजी ओट्यावर बसले, तपकीर काढली, आणि ती ओढायचं विसरून तशीच चिमटीत धरून बसले.

"पलंगाची फळी वाकडी काऊन करून राह्यला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पलंग होते नं, बाबा," हे म्हणाले. "पयले हे होऊ द्या."

ते 'होते नं' आमच्या घरात पुढं चार महिने चाललं.

ते दिवस आठवले की मला अजून ऊब वाटते. सकाळी धुकं, अंगणात शेकोटी, तिच्यावर सरसाचं मडकं, आणि आत्याबाई नाकाला पदर लावून त्या मडक्याला शिव्या देताहेत. कांद्याची सालं निघावी तशी रंध्याखालून शिवणीची सालपटं निघायची, पिवळसर, गुंडाळलेली. सुगंधा ती केसांत माळायची. दुपारी रानातून मोळ्या घेऊन येणारी माणसं थांबायची, त्या अर्ध्या झालेल्या गोलाकार धुडाकडे पाहायची आणि विचारायची, "धानाची कोठी करून राह्यले का जी?" कुणी होडी समजून विचारायचं, "डोंगा व्हय का?" हे सगळ्यांना हो म्हणायचे.

तारांवर येऊन मात्र गाडी अडली. सायकलीची तार लावून पाहिली, तिनं बोट कापलं. अंबाडीची दोरी लावली, तिचा आवाज बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसा आला. खाटकाकडून आतडी आणून वाळत घातली, ती कुत्र्यानं नेली, आणि त्या कुत्र्यामागं हे अर्धं गाव पळाले. परत आले तेव्हा चेहरा पाहवत नव्हता. ओट्यावर बसून त्या बिनतारांच्या बाजाकडे पाहत राहिले.

मी भाकरी थापत होते. थापता थापता म्हटलं, "कोसा लावून पाहा ना."

आरमोरीत आमच्या घराला लागून कोष्ट्यांचं घर होतं. रानातले कोसे, म्हणजे रेशमी किड्यांचे कोश, यायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, आणि त्या घरातल्या बायका मांडी उघडी करून, मांडीवर राख लावून, तळहातानं त्याचं सूत वळायच्या. लहानपणी मी दिवसचे दिवस तिथंच असायची. मला ते येत होतं, पण सासरी सांगायचं कारण कधी पडलं नव्हतं. कोशाचा धागा तुटत नाही. हाताला कापतो, पण तुटत नाही.

हे लगेच आरमोरीला जाऊन कोसे घेऊन आले. मी दुपारी खोलीचं दार लावून वळायला बसले. बारीक धागे, मग त्यांचा पीळ, मग पिळांचा पीळ, आणि त्यावर मधाच्या पोळ्याचं मेण. पहिली तार करंगळीएवढी जाड झाली. आत्याबाईंनी फटीतून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मांडीवर वळलं ते अन् गावातले मानसं बोटं लावन त्याले!" असं त्या तीन दिवस म्हणत होत्या. हे मात्र दारापाशी येऊन बसायचे, आतून येणारा सरसर आवाज ऐकत. त्या दुपारी आमचं लग्न झालं, असं मी मनात धरलेलं आहे.

तारा चढल्या. एका संध्याकाळी यांनी बाजा अंगणात उभा केला, मागून कवळ घातला आणि सगळ्यांत जाड तार ओढून सोडली.

हूंऽऽऽऽ.

फळीवरचे पितळी गडवे थरथरले. तुळशीपाशी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या एकदम बसल्या. मामाजींनी खाट घट्ट धरली. आणि शेजारच्या गोठ्यातून, शपथ घेऊन सांगते, हेल्यानं उत्तर दिलं. हेला म्हणजे रेडा. यांनी पुन्हा तार ओढली. हेल्यानं पुन्हा उत्तर दिलं, आणि दावं तोडून, कुडाची भिंत पाडून तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला, आशेनं. शेजारी दोरी घेऊन धावत आला. त्याला हेला परत नेता येईना, म्हणून शेवटी बाजा घरात नेला तेव्हा हेला गेला. त्या दिवसापासून बाजाचं नाव हेला पडलं.

दंडारीच्या मंडळींनी त्याला घेतलं, पण नाराजीनं. पेटीवाला म्हणायचा, "हा बोल्ला का माही पेटी चिमनीवानी वाटते." तरी ऐकायला माणसं यायची. यांना बाजा सतत खोलायचा, कुठं सांधा गुरगुरतो ते शोधायचं असे, म्हणून कान लावून हे खाली बसायचे आणि तारा ओढायला मला उभं करायचे. "आता ते. आता जाड. हळू." असं करता करता माझ्या बोटांना घट्टे पडले आणि कुठं दाबलं की काय निघतं ते मला कळायला लागलं. सुगंधाही यायची. ती तर त्याच्याशी गप्पा मारायची. प्रश्न विचारायची आणि स्वतःच तार ओढून त्याचं उत्तर द्यायची, आणि हसून लोळायची.

आणि वैशाख आला. पलंग आला नाही.

वऱ्हाड धानोऱ्याकडून बंड्यांतून आलं. मांडव आंब्याच्या, जांभळाच्या डहाळ्यांनी भरलेला, उन्हानं त्यांचा वास सुटलेला. लग्न लागलं. जेवणाच्या पंगती उठल्या, आणि सुगंधाची सासू, उंच, रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हात धुऊन मांडवाच्या मधोमध उभी राहिली.

"पलंग दाखवा जी आता. शिवनीचा म्हनत होते नं?"

मामाजींनी यांच्याकडे पाहिलं. म्हणजे हे होते तिकडे पाहिलं. हे तिथं नव्हते. हे गवताच्या गंजीमागं जाऊन बसले होते, ते आम्हाला मागाहून कळलं.

"खोलीत आहे," मामाजींच्या तोंडून निघून गेलं.

खोलीत मी होते, आणि सतरंजीखाली हेला होता. विहीणबाई आत आल्या. मागोमाग त्यांचे यजमान, वाळलेले, बारीक, मिशीत हसणारे गृहस्थ. विहीणबाईंनी सतरंजीवरून हात फिरवला. घेरावरून फिरवला, कंबरेवरून फिरवला. "असा कसा पलंग? मंधातच बारीक?" असं म्हणून त्यांनी सतरंजी ओढली. मी घाबरून मागं सरले, माझी कोपरं तारांना लागली.

हूंऽऽऽऽ.

विहीणबाई किंचाळल्या आणि दारात नवऱ्याच्या अंगावर जाऊन आदळल्या. "कोन बोल्लं? कोन बोल्लं?"

"हे काय व्हय?" सुगंधाच्या सासऱ्यांनी विचारलं, बायकोला सावरत.

मामाजींच्या कपाळावर घाम आला होता. "पलंगच व्हय जी," ते म्हणाले. "म्हंजे, लाकूड पलंगाचंच आहे."

मांडवात एकदम शांत झालं. अशा शांततेनंतर वऱ्हाड परत जातं, हे आम्ही पाहिलेलं होतं. सुगंधाचा चेहरा मला दारातून दिसत होता. हळदीनं पिवळा, आणि पहिल्यांदाच गप्प.

सासरे हेल्याभोवती एक चक्कर मारून आले. "वाजवते कोन?"

मग मलाच काय झालं कोण जाणे. मी पदर डोक्यावरून नीट घेतला, त्याचं टोक दातात धरलं, हेल्याला उभं केलं आणि मागून कवळ घातला. दंडारीतली एक चाल होती, हे रोज घटवून घ्यायचे ती. तीच चाल धरली. मांडवातला ढोलकीवाला थोडा वेळ बावचळला, मग त्यानं ठेका धरला. कुणीतरी पेटी उघडली. आत्याबाई मात्र भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सून मिठी मारून वाजवते आहे, हे सगळ्या वऱ्हाडानं पाहिलं तरी चालेल, पण त्यांना पाहायचं नव्हतं.

संपलं तेव्हा सुगंधाचे सासरे खाली जमिनीवर तळहात टेकून बसले होते. ते उठले, हात झटकले.

"पलंगावर तर सारेच झोपते," ते म्हणाले. "आमी हे नेतो."

अशी सुगंधा सासरी गेली. बंडीत ती, तिच्या शेजारी गवतावर आडवा घातलेला हेला, त्याला ऊन लागू नये म्हणून तिच्याच शालूचं टोक टाकलेलं. आणि बंडी हलली तशी गंजीमागून हे धावत आले. डोक्यात गवत, डोळ्यांत पाणी. बंडीचं चाक धरून हे इतके रडले, इतके रडले, की वऱ्हाडातल्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. सारं गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा. सुगंधानं मात्र बंडीतून वाकून यांना सांगितलं, "नको रडू भाऊ. मी त्याले वलं नाई लागू देत."

नातीला मी यातलं थोडंसंच सांगितलं. हेला अंगणात आला तिथपर्यंत. तेवढ्यात तिचे मित्र आले, त्यांचा सराव सुरू झाला, आणि भिंत पुन्हा गुरगुरायला लागली. पलीकडचं ते गुरगुरणं ऐकत मी पडून राहिले. तिला सांगायचं राहिलं ते लग्नाचं, आणि मग दिवाळीचं.

त्या पावसाळ्यात हे घरात असून नसल्यासारखेच. रोवणी झाली, धान पोटरीला आलं. मग एका बाजाराच्या दिवशी आरमोरीहून बातमी आली. धानोऱ्याकडचा एक माणूस कुणाला तरी म्हणाला होता, "तुमच्या गावच्या पोरीच्या सासरी देव आला म्हन्ते. बोलते."

दिवाळीला सुगंधाला आणायला आम्ही दोघं गेलो. रस्ता सगळा रानातून, मधे एक मुक्काम. पोचलो तर माजघरात पाटावर हेला उभा. गळ्यात झेंडूचा हार, पोटावर हळदीकुंकवाची बोटं, पायाशी नारळ. यांनी ते पाहिलं आणि खालीच बसले. भक्तीनं नाही. शिवणीवर तेल सांडलं होतं.

"दुपारच्या पारी बोलते," विहीणबाई आम्हाला हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा सगळा तोरा गेलेला. "मी ओसरीवर असते. घरात कोनी नसते, सूनच असते एकटी, झाडझूड करून राह्यते. अन् आतून हुंकार येते. पयले भेव वाटलं. मग मी इचारलं, देवा, काही चुकलं का? तर गप्प. मग इचारलं, नारळ फोडू का? तर हूं म्हन्ला."

मी सुगंधाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. डोक्यावरून पदर नाकापर्यंत. त्या घरात सुनेनं सासूपुढं तोंड उघडायचं नाही, अशी रीत होती. आमची सुगंधा, जिचं तोंड धान सडतानाही बंद नसायचं, सहा महिने त्या घरात मुकी होती.

दुपारी विहीणबाईंनी आम्हाला ओसरीवर बसवलं. दार लोटलं. आत सुगंधा झाडू घेऊन गेली होती. विहीणबाईंनी हात जोडले.

"देवा, सुनेले दिवाळीले मायेरी धाडू का?"

हूंऽऽ.

"एक हुंकार म्हंजे हो," त्यांनी मला समजावलं. "दोन म्हंजे नाई." मग दाराकडे तोंड करून, "आठ दिस?"

हूं. हूं.

"पंधरा दिस?"

हूं. हूं.

विहीणबाईंनी जोडलेले हात कपाळाला लावले. "महिना?"

जरा वेळ गेला. देव विचार करत असावा. मग आला, लांब, भरलेला, ओसरीच्या खांबांतून चढलेला.

हूंऽऽऽऽऽ.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. हे मान वाकडी करून ऐकत होते. "दुसरी तार उतरली आहे," ते पुटपुटले.

"काय म्हन्ते भाऊ?" विहीणबाईंनी विचारलं.

"काई नाई," मी म्हटलं. "पाया पडून राह्यले."

महिनाभरासाठी सुगंधाला बंडीत घालून आम्ही निघालो. तिचे सासरे गावाच्या वेशीपर्यंत चालत आले. वेशीपाशी बंडी थांबवून ते यांच्याजवळ आले. सुगंधा मागं गवतावर झोपल्याचं सोंग करून पडली होती.

"तार बसवून द्या जी, पुढच्या खेपेला," ते म्हणाले. "दुसरी उतरली आहे."

हे कासरा आवरून त्यांच्याकडे वळले.

"मले काय समजत नाई का?" सासरे मिशीत हसले. "पयल्याच दिवशी समजलं. झाडू बंद होते अन् देव बोलते. पन आमच्या घरात आजपावतर सुनेचं कोनी आयकलं नाई. माह्या मायनं बायकोचं नाई आयकलं, बायकोनं थोरल्या सुनेचं नाई आयकलं, ते बिचारी मरून गेली. आता हे पोरगी बोलते अन् माही बायको हात जोडून आयकते. मी काऊन सांगू?" मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उन्हाळ्यात तिनं सांगितलं, इहीर खोल करा. म्हंजे देवानं. केली. पानी लागलं."

बंडी हलली. मागून गवतातून सुगंधाचा आवाज आला, सहा महिन्यांचा साठलेला.

"आयकलं का वयनी? आयकलं का? त्यायले माहीत होतं! अन् मी तिकडे रोज बोटं सोलून घेऊन राह्यली!"

आणि ती जी बोलायला लागली ती धानोऱ्यापासून आमच्या अंगणापर्यंत बोलतच राहिली. मुक्कामाच्या गावीसुद्धा. हे आधी नुसते ऐकत होते. मग पहिल्या नाल्याच्या उतारावर त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं पुन्हा रडतात की काय. कासरा माझ्या हातात देऊन ते बंडीतून उतरले, पळसाच्या झाडाला टेकून उभे राहिले, आणि मोठ्यानं, अगदी पोटातून हसले. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बैलही थांबून ऐकत होते.